कंदिलाने नाकारलेली माणसं

दार आठला उघडायचं, पण साडेसहापासूनच रांग रस्त्याच्या वळणापर्यंत गेलेली असायची. पूर्वी तिथे फर्निचरचं दुकान होतं. काचेवरची 'सोफा सेट सवलतीत' ही अक्षरं कुणीतरी अर्धवट खरवडून सोडली होती आणि त्याच काचेला टेकून लोक उभे असत, तोंडावर रुमाल, ओढणी, मफलर धरून. रुमालाखाली प्रत्येकाचं तोंड एका बाजूला ओघळलेलं. कुणाचं पाणी ओठातून गळायचं, कुणाचा एक डोळा मिटायचाच नाही. आणि आत कंदीलबाबा बसलेले.

बाबा म्हणजे दाढीजटा काही नाही. इस्त्रीचा शर्ट, पायात मोजे, गुळगुळीत दाढी. समोर छताच्या हुकाला एक कंदील टांगलेला, भर दिवसा पेटवलेला. माणूस खुर्चीत बसला की बाबा म्हणायचे, "वर बघ. अजून वर. प्रकाशाला कपाळ दे. भुवया छताला लाव." दोन सेकंद शांतता. मग ते एकच शब्द बोलायचे. "घेतला" किंवा "नाही".

"घेतला" म्हटलं की हॉलमध्ये टाळ्या. मग कोमट दगड गालावरून सात वेळा फिरवायचा, असं चाळीस दिवस. "नाही" म्हटलेल्या माणसाला मागच्या दारानं बाहेर काढायचे. का नाही, हे कुणी विचारायचं नसतं. कधी एखाद्यानं विचारलंच, तर बाबांचं ठरलेलं उत्तर असायचं, "तोंड खोटं बोलेल, कपाळ बोलणार नाही. शरीरात बहात्तर प्रकाश असतात. दवाखान्यात काय असतं? ट्यूबलाइट."

लोक हसायचे. भिंतीवर फोटोंच्या जोड्या लावल्या होत्या, डावीकडे वाकडं तोंड, उजवीकडे सरळ. मी जवळ जाऊन, चष्मा पुसून बघितले. फोटो खरे होते. माणसं खरोखर बरी झाली होती. मी संशयी बाई आहे, पण डोळ्यांना दिसतं ते नाकारण्याइतकी नाही.

मी तिथे गेले होते, कारण आठ दिवसांपूर्वी त्या कंदिलानं माझ्या दादाला नाकारलं होतं.

दादा गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटर होता. कापडाचे पन्नास थर एकावर एक रचून एका फटक्यात कापायचा, एक धागा इकडे तिकडे नाही. त्या दिवशी सकाळी सातला चहा पिताना चहा ओठातून शर्टावर सांडला. वहिनींनी बघितलं तर तोंड वाकडं. उजवा हात जरा जड वाटतोय, असं तो म्हणाला, पण तोंडापुढे हाताकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. वाकडं तोंड म्हणजे कंदीलबाबा, हे तोवर सगळ्या गल्लीला पाठ झालं होतं. वहिनींनी रिक्षा केली. साडेदहाला दादाचा नंबर लागला. "नाही" झालं आणि ती दोघं घरी येऊन बसली.

मी कामावरून संध्याकाळी सहाला दादाकडे गेले तेव्हा मला कळलं. त्याला रुग्णालयात नेलं तोपर्यंत हात लोंबायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, अर्धांगवायू, मेंदूत गुठळी, चार-साडेचार तासांत आणायला हवं होतं. मी मान डोलावली. मला रडू आलं नाही, रागही आला नाही. फॉर्मवर सह्या केल्या. पुढचे दोन महिने मी तशीच होते. जेवण जेवत होते, बस पकडत होते, आणि आत काहीही हलत नव्हतं.

"मला का नाही कळवलंत?" एवढं मी वहिनींना विचारलं.

"तुम्ही वाद घातला असता, ताई," त्या म्हणाल्या. खोटं नव्हतं ते.

व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी यायची. पहिले काही महिने महत्त्वाचे असतात, आता जेवढा हात हलवाल तेवढा परत मिळेल, असं ती तळमळून सांगायची. दादा भिंतीकडे तोंड करून पडायचा. "मला नाकारलंय," एवढंच म्हणायचा. वहिनी त्याच्या आयुष्यातली पापं शोधत बसायच्या. एकदा कारखान्यात त्यानं कुणाची तक्रार केली होती, ते असेल का? आईला शेवटच्या वर्षी आपल्याकडे ठेवलं नाही, ते असेल का? दादा सगळ्याला हो म्हणायचा. शेवटी त्या मुलीनं हात टेकले आणि येणं बंद केलं. हात दिवसेंदिवस ताठर होत चालला होता आणि तो वाचवायचा असेल तर आधी दादाच्या डोक्यातला तो "नाही" काढायला हवा होता. तो कसा काढायचा हे मला माहीत नव्हतं.

मी एका मोठ्या रुग्णालयाच्या ग्रंथालयात काम करते. डॉक्टर, नर्स, विद्यार्थी, कुणालाही संशोधन करायचं असेल तर आधी माझ्याकडे यावं लागतं आणि माझ्याकडचा गुलाबी कागद भरावा लागतो. त्यावर चार चौकटी आहेत. कुणाला? काय दिलं? कशाच्या तुलनेत? काय झालं, आणि किती दिवसांत? चारही चौकटी भरल्याशिवाय मी एक पान शोधून देत नाही. पाठीमागे मला चौकटबाई म्हणतात, हे मला ठाऊक आहे.

ती व्यायामाची मुलगी यायची थांबली, त्याच आठवड्यात ग्रंथालयात एक सिस्टर आल्या. सोळा वर्षं वॉर्डात काढलेल्या, आता नोकरी सांभाळून पदवी करत होत्या. त्यांनी कागद पुढे सरकवला. विषय वाचून मी चष्मा काढला. 'कंदीलबाबांच्या स्पर्शानं वाकडं तोंड बरं होतं का?'

"होतंच, मॅडम," त्या म्हणाल्या. "मी स्वतः पुरावा आहे. मागच्या वर्षी माझ्या चेहऱ्याची अख्खी डावी बाजू गेली होती. डोळा चिकटपट्टीनं बंद करून झोपायचे. पाच आठवड्यांत सरळ."

"आपल्या रुग्णालयात दाखवलं नव्हतंत?"

"दाखवलं की. अर्ध्या मिनिटात बाहेर. 'गोळ्या घ्या, होईल आपोआप.' माझं तोंड कानाला लागलेलं आणि हे म्हणतात आपोआप. बाबांनी निदान जवळ बसवलं, गालाला हात लावला."

अर्ध्या मिनिटाचं मला माहीत होतं.

दादाचं मी सांगितलं नाही. कागद बघितला. पहिल्या चौकटीत लिहिलं होतं, 'तोंड वाकडं झालेले सगळे.' दुसरीत 'बाबांचा स्पर्श.' तिसरी कोरी. चौथीत 'बरे होतात.'

"चौथीत प्रश्न लिहायचा, सिस्टर. तुम्ही निकाल लिहिलाय."

"तोच लागणार आहे."

"आणि तिसरी?"

"तुलना कुणाशी करू? बाबांसारखं दुसरं आहे कोण?"

"जे बाबांकडे गेलेच नाहीत, त्यांच्याशी. आणि पहिलीत 'सगळे' चालणार नाही. बाबा सगळ्यांना घेत नाहीत. कुणाला घेतात?"

"ज्यांना कंदील स्वीकारतो त्यांना."

"मग तेच लिहा, पण ओळखायचं कसं ते लिहून. दुसऱ्या कुणी वाचलं तरी त्याला तीच माणसं निवडता आली पाहिजेत."

सिस्टरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुम्हाला थट्टा करायची असेल तर करा," म्हणाल्या. पण कागद घेऊन गेल्या. सोळा वर्षं तक्ते भरलेल्या बाईला कोरी चौकट सहन होत नाही, हे मला अनुभवानं माहीत आहे.

त्यांनी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी हॉलमध्ये सेवा धरली. नर्स म्हणून त्यांचं कौतुकच झालं. त्यांना काम मिळालं चित्रीकरणाचं. बरं झाल्यावर शेजारी लावायला आधीचा व्हिडिओ हवा, म्हणून खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाचा, कंदिलाकडे बघतानाचा, पाच सेकंदांचा व्हिडिओ घ्यायचा. त्यासाठी बाबांचा एक मोबाइल होता.

तिसऱ्या आठवड्यात त्या ग्रंथालयात आल्या तेव्हा गणवेशातच होत्या. बसल्या नाहीत. बाबांच्या मोबाइलमधले जुने-नवे सगळे व्हिडिओ त्यांनी स्वतःच्या फोनवर उतरवून आणले होते.

"दार लावा, मॅडम."

मी दार लावलं. त्यांनी ते संगणकावर लावले, आवाज बंद करून. एकामागून एक चेहरे. सगळे वर बघतायत.

"तोंडाकडे बघू नका. मी दोन आठवडे तिथेच बघत होते, सगळे तिथेच बघतात. कपाळ बघा."

मी कपाळ बघितलं. पहिला माणूस, कपाळाच्या एकाच बाजूला आठ्या, दुसरी बाजू इस्त्री केल्यासारखी सपाट. "घेतला," सिस्टर म्हणाल्या. दुसरी बाई, तसंच. "घेतली." तिसरा म्हातारा, तोंड वाकडं, पण कपाळभर आठ्या, दोन्हीकडे. "नाही." चौथा, सपाट. "घेतला." त्या न अडखळता सांगत गेल्या आणि दर वेळी व्हिडिओच्या शेवटी बाबांचा हात दगडाकडे नाहीतर मागच्या दाराकडे जाऊन तेच सांगत होता.

"हे आमच्या मोठ्या डॉक्टरांचं वाक्य आहे," सिस्टर म्हणाल्या. "मेंदूच्या ओपीडीत प्रत्येक पेशंटला म्हणायचे, भुवया छताला लावा. आणि हा बाबा तिथे अकरा वर्षं व्हीलचेअर ढकलत होता. काल आमच्या जुन्या वॉर्ड-इन्चार्जबाईंनी फोटो बघताक्षणी ओळखला."

मग त्यांनी मला समजावलं, आणि मी तुम्हाला तसंच सांगते. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. म्हणून मेंदूत एका बाजूला गुठळी अडकली, तर तोंड वाकडं होतं, पण कपाळाला बहुतेक वेळा आठ्या पडतात. याच्या उलट, कानाजवळून चेहऱ्यावर येणारी नसच सुजली, तर अर्धा चेहरा कपाळासकट बंद पडतो. दिसायला हा प्रकार जास्त भयंकर. पण तो बहुतेकांचा काही आठवड्यांत, महिन्यांत आपला आपण बरा होतो. लवकर गोळ्या घेतल्या तर आणखी चांगला होतो. बाबा आपोआप बरे होणारेच तेवढे घेत होते. बाकीचे मागच्या दारानं.

"तिसरी चौकट भरलीय," सिस्टर म्हणाल्या. "आपल्याकडच्या जुन्या नोंदी काढल्या. उशिरा आलेले, ज्यांना गोळ्याही दिल्या नाहीत, फक्त डोळा जपा म्हणून घरी पाठवलं, असे चाळीस. चार महिन्यांत तेहेतीस सरळ झाले. बाबांच्या नोंदवहीत 'घेतला' लिहिलेल्या बावन्न जणांना मी फोन केले. चार महिन्यांत त्रेचाळीस."

मी मनातल्या मनात भागाकार केला. दोन्हीकडे शंभरात ब्याऐंशी-त्र्याऐंशी.

"म्हणजे दगडानं काहीच झालं नाही," त्या म्हणाल्या. "मग मला कुणी बरं केलं?"

"तुमच्या नसेनं. ती आपोआप बरी झाली."

त्या खुर्चीत बसल्या. टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाल्या, "पहिल्या दोन आठवड्यांत सहा जणांना नाही म्हटलं. मी समोर मोबाइल धरून उभी होते. त्यांना जाऊ दिलं. मी सोळा वर्षं नर्स आहे, मॅडम."

मी त्यांचा हात धरला. तेवढंच सुचलं. दुसऱ्या हातानं मी जुन्या व्हिडिओंची यादी खाली सरकवत होते, कारण तारीख मला पाठ होती. सापडला. दहा वाजून चौतीस मिनिटं. दादा खुर्चीत बसलाय, शाळेतल्या मुलासारखे गुडघे जुळवून. वर बघतोय. कपाळाला पाच आठ्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाबांनी वाकून बघितलं, आणि मग, हे मी चारदा बघितलं, त्यांची नजर सरळ दादाच्या उजव्या हाताकडे गेली. त्यानंतर त्यांनी मान हलवली. अजून तासभर हातात होता. रुग्णालय तिथून रिक्षानं पंधरा मिनिटांवर आहे.

त्या दिवशी मला राग आला. दोन महिन्यांत पहिल्यांदा आला, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं.

पुढच्या सोमवारी सकाळी सिस्टरांनी हॉलच्या दाराबाहेर टेबल मांडलं. सोबत मी आणि मेंदूच्या ओपीडीतले एक तरुण डॉक्टर. फाटकाशी रुग्णवाहिका. रांगेतल्या प्रत्येकाला सिस्टर भुवया उचलायला सांगायच्या, चिठ्ठीवर एक शब्द लिहायच्या, घडी घालून त्याच्याच खिशात टाकायच्या. कपाळाला आठ्या पडल्या तर चिठ्ठी न देता डॉक्टर त्याला तिथल्या तिथे तपासायचे. असे दोघे निघाले. त्यातल्या एका रंगाऱ्याचं तोंड तासाभरापूर्वी वाकडं झालं होतं. त्याला घेऊन गाडी लगेच गेली. दुसऱ्याचा झटका जुना होता, तीन महिन्यांपूर्वीचा. त्याचे सगळे उपचार झालेले. तो म्हणाला, "मला जाऊ द्या आत. मला बघायचंय." मग त्यालाही चिठ्ठी देऊन आत सोडलं.

पहिले नऊ जण आत गेले. आठ "घेतला", एक "नाही". मग सिस्टर आत गेल्या आणि म्हणाल्या, "आता खिशातल्या चिठ्ठ्या काढा आणि मोठ्यानं वाचा."

नऊच्या नऊ बरोबर. एक आजोबा चिठ्ठी उलटी करून मागे काही आहे का बघत होते.

"ही बाई माझी विद्या चोरून शिकली," बाबा म्हणाले.

"तुमची नाही, मोठ्या डॉक्टरांची," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही व्हीलचेअर धरून शिकलात, मी ट्रे धरून. यात कंदील नाही, बाबा. मी टेबल बाहेर मांडलं होतं, उन्हात."

"मग मी कुणाला फसवलं? जे माझे नव्हते त्यांना मी तोंडावर सांगितलं, नाही म्हणून."

"ते कुणाचे होते ते सांगितलं नाहीत. ते तुम्हाला ठाऊक होतं."

एका बाईनं गालावरचा रुमाल काढला आणि डॉक्टरांना विचारलं, माझ्या डोळ्याचं काय करायचं? डॉक्टर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. अर्ध्या मिनिटापेक्षा बराच जास्त वेळ बसले, हे मी मुद्दाम लिहिते आहे.

संध्याकाळी मी दादाकडे गेले. खरं तर या गोष्टीची मला आठवडाभर धास्ती वाटत होती. दादाला खरं सांगायचं म्हणजे ते वहिनींसमोर सांगायचं. त्याच्या डोक्यावरचं ओझं काढलं की ते कुणाच्या डोक्यावर जाऊन बसणार, हे मला दिसत होतं.

"दादा, भुवया वर कर."

"कशाला?"

"कर तर."

त्यानं केल्या. कपाळ भरून आठ्या पडल्या. मी त्याच्या डाव्या हाताचं बोट धरून त्या त्याच्याच कपाळावर मोजायला लावल्या आणि सगळं सांगितलं. नस, गुठळी, व्हीलचेअर, चिठ्ठ्या. तुला पापामुळे नाकारलं नाही. त्यानं तुला ओळखलं. दोन सेकंदांत बरोबर निदान केलं, आणि ते तुला सांगितलं नाही, कारण तू बरा झाला नसतास तर त्याचा फोटो बिघडला असता.

दादानं कपाळावरचं बोट काढलं नाही. "म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं?"

"नाही."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलंच. "त्या वेळी सरळ दवाखान्यात नेलं असतं, तर हात वाचला असता का, ताई?"

मी खोटं बोलू शकले असते. "माहीत नाही, वहिनी," मी म्हणाले. "शंभर माणसं वेळेत नेली तर न नेलेल्या शंभरांपेक्षा जास्त जण सुधारतात, एवढं सांगता येतं. त्या इंजेक्शननं सगळेच सुधारत नाहीत. दादा त्यातला कोण झाला असता, हे कुठल्याच चौकटीत लिहिलेलं नसतं. पण त्याला ते मिळायला हवं होतं."

त्या खाली बसल्या. रडल्या. मी शेजारी बसले आणि मलाही रडू आलं, दोन महिने उशिरा. दादानं आमच्याकडे बघितलं आणि मग तोंडातल्या तोंडात, अडखळत म्हणाला, "त्या व्यायामाच्या मुलीचा नंबर आहे का कुणाकडे? तिला म्हणावं, ये."

हात कितपत परत येईल ते मला माहीत नाही. पण मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी आली आणि दादा तिची वाट बघत बसला होता.

आता तुमच्याशी थोडं. तुमच्या गावात कंदील नसेल, दुसरं काही असेल. बरी झालेली माणसं तुम्हाला दाखवतील आणि ती खरीही असतील. त्यांना खोटं पाडत बसू नका. एवढंच विचारा, की यात कुणाला घेतलं आणि कुणाला मागच्या दारानं काढलं? नक्की काय दिलं? ते दिलं नसतं तर काय झालं असतं, हे कुणी बघितलंय? आणि बरं झालं म्हणजे नेमकं काय, किती दिवसांत? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर द्यायला समोरचा चिडला, तर तिथून उठा. आणि घरात कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, तर यातलं काहीही विचारत बसू नका, कपाळही बघत बसू नका, ते डॉक्टरांचं काम आहे. किती वाजले ते बघा आणि त्याला थेट रुग्णालयात न्या.